वेंडेल ऑस्गुडची स्वतःची पँट

आभार मानायला इतके कपडे लागतात, हे वेंडेल ऑस्गुडला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

त्याची अडचण तशी साधी होती. हिवाळ्यात त्याची बायको मार्लीन सात आठवडे टुसॉनच्या इस्पितळात होती. आधी पोटाचं ऑपरेशन झालं, मग आत पू झाला म्हणून दुसरं. या सात आठवड्यांत मेस्किट वेल्समधल्या आपल्या घरात वेंडेलने एकदाही शेगडी पेटवली नाही, कारण रोज संध्याकाळी दारात कुणीतरी झाकण लावलेलं गरम भांडं ठेवून गेलेलं असायचं. कोंबडी आणि हिरव्या मिरच्या, वर वितळलेलं चीज. शेजारचा क्लाइड टॅलमन, ज्याचा विहिरींचे पंप दुरुस्त करायचा धंदा, तो दर दिवसाआड वेंडेलला नव्वद मैल नेऊन आणायचा. आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी निवृत्त दंतवैद्य डॉक्टर हार्लन पिकेट नऊ तास त्याच्या शेजारच्या खुर्चीत बियाण्यांचा कॅटलॉग वाचत बसले होते. नऊ तासांत ते फक्त एक वाक्य बोलले, तेही टोमॅटोबद्दल. पण ते बसले होते म्हणून वेंडेल त्या दिवशी वेडा झाला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मार्लीन घरी आली, हळूहळू चालायला लागली, आणि वेंडेलने ठरवलं की आता या लोकांचे व्यवस्थित आभार मानायचे. एकोणतीस वर्षं त्याने काउंटीच्या कचेरीत विहिरी आणि सांडपाण्याच्या परवान्यांच्या टेबलावर काढली होती. कुठलंही प्रकरण अर्धवट राहिलं की त्याला रात्रीचं जेवण पचायचं नाही.

पहिला प्रयत्न ओपल ब्रिस्कोच्या दारात झाला. ओपल चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी. तिची सहा भांडी घासूनपुसून तो परत द्यायला गेला आणि दारातच घसा खाकरून म्हणाला, "ओपलबाई, हिवाळ्यात तुम्ही जे काही केलंत, त्याबद्दल मला..."

"भांडी इकडे ठेव. तिथे नको, मांजर पाडतं. मार्लीन जेवते का नीट?"

"जेवते. पण मला म्हणायचं होतं की..."

"मग हे घेऊन जा. गरम आहे, खालून धर." सहा रिकामी भांडी घेऊन गेलेला वेंडेल एक भरलेलं भांडं घेऊन परत आला, म्हणजे प्रकरण मिटायच्या ऐवजी वाढलं.

डॉक्टर पिकेटांची तऱ्हा वेगळी. ते म्हणाले, "मी तिथे कॉफी प्यायला गेलो होतो." नव्वद मैल कॉफीसाठी कोण जातं, हे विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही, कारण लगेच आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

क्लाइडने तर तोंडच उघडू दिलं नाही. "हे बघ वेंडेल, तू आभारबिभार मानायला लागलास तर मी इथून उठून जाईन. तुला काही करायचंच असेल तर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या क्लबात ये. सगळे असतात. मार्लीनलाही आण, सावलीत बसेल."

हे तिघंही एकाच क्लबाचे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही भली माणसं दीडशे वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचे, सावकारांचे आणि गावगुंडांचे कपडे चढवून डोंगराच्या पायथ्याशी जमायची आणि त्याच काळच्या धाटणीच्या बंदुकांनी लोखंडी पत्रे वाजवायची. वेंडेल वर्षानुवर्षं त्यांना खिडकीतून जाताना बघत आला होता आणि पडद्याआड मनसोक्त हसतही आला होता. आता ते हसू आठवलं की त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं.

पण क्लाइडच्या बोलण्यातली एकच गोष्ट त्याने उचलली. सगळे असतात. म्हणजे एकदाच उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर चार ओळी म्हणून मोकळं व्हायचं. त्याने त्या एका कार्डावर लिहूनही ठेवल्या.

तर कपडे. क्लबाचा नियम असा, की एकोणीसशे सालानंतरची कुठलीही गोष्ट अंगावर दिसता कामा नये. पँटला चेन नको, प्लॅस्टिक नको, मनगटी घड्याळ नको, पुढे टोक काढलेली टोपी नको. डॉक्टर पिकेट या क्लबाचे प्रमुख. तिथे कुणी खऱ्या नावाने वावरत नाही. प्रत्येकाचं एक टोपणनाव, आणि डॉक्टरांचं होतं 'निर्दय जज्ज'. त्यांच्याकडून ज्यांनी दाढा काढून घेतल्या होत्या त्यांना या नावात काही विशेष वाटत नसे.

वेंडेलला वाटलं, एक दिवसापुरती तर गोष्ट, मिळेल ते घालू. पण तो क्लबात येणार ही बातमी गावात फुटली आणि सल्ले सुरू झाले. क्लाइड म्हणाला, कापड लोकरीचंच हवं, त्या काळी तेच घालायचे. ओपल म्हणाली, मे महिन्यात लोकर घालशील तर उकडून मरशील, त्या काळीही पुष्कळ मेले. पोस्टातल्या बाईने सांगितलं की हॅट आधी घ्यावी, बाकीचं तिला शोभेल असं. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, सुरुवात बुटांपासून. वेंडेल सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन मार्लीनला सांगायचा. मार्लीन म्हणायची, "तू लोकांना कार्ड पाठव ना नुसतं." पण हे सल्ले ऐकताना ती कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली होती, त्यामुळे मागे फिरायचा प्रश्नच उरला नाही.

आणि मग जे होऊ नये ते व्हायला लागलं. क्लाइड आला तो दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि कमरेचा चामडी पट्टा घेऊन. "नवीन घेऊ नकोस. माझ्याकडे जास्तीचे पडलेत." दोन आठवडे रोज सकाळी तो वेंडेलला घेऊन डोंगराशी जायचा आणि शिकवायचा. ओपलने तिच्या दिवंगत नवऱ्याची, अर्लची, हॅट आणली. ती वेंडेलच्या कानांवर उतरली, म्हणून तिनेच आतून वर्तमानपत्र कोंबून बसवून दिली. अर्लचे बूटही तिनेच आणले. डॉक्टरांनी एक दुनळी बंदूक आणि स्वतःचं जुनं जाकीट दारात ठेवलं, बेल वाजवली आणि दार उघडायच्या आत निघून गेले.

वेंडेल आरशासमोर उभा राहिला. डोक्यावर ओपलचे उपकार, कमरेला क्लाइडचे, छातीवर डॉक्टरांचे. आभाराचं ओझं उतरवायला निघालेल्या माणसाच्या अंगावर बोटभर जागा मोकळी राहिली नव्हती. एकोणतीस वर्षं ज्याने कुणाकडून ख्रिसमसला पेनसुद्धा घेतलं नाही, त्याची ही अवस्था. त्याचा स्वाभिमान दुखावला आणि त्याने मार्लीनला ठणकावून सांगितलं, "पँट मात्र मी स्वतःची घेणार."

ती घेतली, कॅटलॉगमधून मागवून. करड्या लोकरीची, अस्सल जुन्या शिवणीची. आता गंमत अशी, की जुन्या काळची पँट बेंबीवर बसते. वेंडेलच्या पिढीची पँट पोटाखाली बसते. त्याने माप घेतलं ते पोटाखालचं. पँट आली, पोटापर्यंत चढली आणि तिथे थांबली. परत पाठवायची तर फॉर्म भरायचा, त्यात 'परतीचं कारण' या रकान्यात 'पोट' लिहिणं त्याला अपमानास्पद वाटलं. त्याने 'मोजमापातील ऐतिहासिक तफावत' असं लिहिलं. दुसरी आली ती इतकी ऐसपैस, की तीत त्याच्यासोबत क्लाइडचीही सोय झाली असती. पण तिला पट्टा लागणार नव्हता. खांद्यावरून गॅलिस घालायचे, ते सहा बटणांना अडकवायचे, की पँट जागेवर. बटणं मात्र लावलेली नव्हती. अस्सलपणासाठी ती एका पुरचुंडीत वेगळी दिली होती.

"आण इकडे, पाच मिनिटांत लावून देते," ओपल म्हणाली.

"नको ओपलबाई. ही माझी पँट आहे. बटणं मी लावीन."

मार्लीन झोपली होती म्हणून त्याने तिच्या शिवणाच्या डब्यातून आपणच पांढरा दोरा काढला आणि अर्धी दुपार खपून सहा बटणं लावली. एकेका बटणाला वीस-वीस वेढे. ओढून पाहिली, हलेनात. इतकं समाधान त्याला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

राहिलं टोपणनाव. त्याची नोंद देशभरच्या अशा क्लबांच्या मुख्य कार्यालयात करावी लागते आणि एकाचं नाव दुसऱ्याला मिळत नाही. वेंडेलने पाठवलेली सगळी नावं आधीच कुणी ना कुणी घेतलेली निघाली. अमेरिकेतले सगळे साप, विंचू, कोल्हे, शेरीफ आणि डाकू संपलेले होते. अकरा अर्ज परत आले. एक तर सही चौकटीबाहेर गेली म्हणून परत आला, आणि एकोणतीस वर्षांत आपण अशा किती सह्या परत पाठवल्या याचा हिशेब वेंडेलच्या मनात नको असताना सुरू झाला. बाराव्या अर्जात वैतागून त्याने नावाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रलंबित'. आठवड्याने पत्र्याचा बिल्ला आला. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: प्रलंबित.

"चांगलं आहे," क्लाइड म्हणाला. "तुझ्या टेबलाशी माझे दोन परवाने वर्षभर याच नावाने पडून होते."

मे महिन्याचा पहिला शनिवार उजाडला तोच भाजून काढणारा. मार्लीनला सावलीत मांडवाखाली खुर्ची दिली. ओपल लांब घोळदार झगा आणि छत्री घेऊन आली होती, क्लबात तिला 'काटेरी बाई' म्हणत. तीस-पस्तीस माणसं होती. वेंडेलने खिशातलं कार्ड चाचपलं आणि सकाळच्या सभेत पुढे सरसावला. "मला दोन शब्द..." एवढं म्हणतोय तोच डॉक्टर पिकेट कडाडले, "दोन शब्द माझे आधी. सुरक्षा." मग अर्धा तास सुरक्षाच चालली. काहीही होवो, आग लागो, साप निघो, बायको हाक मारो, हातात बंदूक असताना तिचं तोंड डोंगराकडेच राहिलं पाहिजे. वाकायचं नाही, वळायचं नाही. वळलात तर घरी. "कळलं का, प्रलंबित?"

"कळलं, डॉक्टर."

"इथे मी जज्ज आहे."

खेळाची रीत अशी: एकेकाने पुढे जाऊन उभं राहायचं, त्या फेरीसाठी लिहून दिलेली एक ओळ मोठ्याने म्हणायची, ती म्हटली की जज्जच्या हातातलं घड्याळ किंचाळतं, मग पत्रे वाजवायचे. त्या वेळी बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही. पहिल्या फेरीची ओळ होती, "माझी कॉफी कुणी सांडली?" वेंडेलने ती इतक्या मवाळपणे विचारली, की ओपलला वाटलं खरंच सांडली. पण दहातले सहा पत्रे वाजले. मांडवातून मार्लीनने टाळ्या वाजवल्या आणि त्याची छाती डॉक्टरांच्या जाकिटात मावेना.

दुसऱ्या फेरीपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. लोकरीच्या पँटमधून घाम अक्षरशः निथळत होता. वेंडेलने ओळ म्हटली, घड्याळ किंचाळलं, त्याने पहिलं रिव्हॉल्व्हर उचललं, दोन गोळ्या झाडल्या, आणि पाठीमागे काहीतरी टप्प करून पडलं. तिसऱ्या गोळीला आणखी एक टप्प. मागचे गॅलिस सुटून त्याच्या डोक्यावरून पुढे आले. त्याच्या लक्षात आलं की पँट निघाली. हात पँटकडे जायला धडपडला. पण हातात भरलेलं रिव्हॉल्व्हर होतं, वाकायचं नाही, वळायचं नाही. पुढची बटणं एकामागून एक सुटली. पँट अर्लच्या बुटांवर जाऊन बसली. आणि वेंडेल ऑस्गुड, काउंटीचा निवृत्त परवाना अधिकारी, लाल मिरच्या छापलेल्या चड्डीवर मेस्किट वेल्सच्या डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

कुणी हसलं नाही. तीस माणसं गच्च ओठ मिटून उभी होती, काहींचे खांदे तेवढे हलत होते.

"पुढे काय करू, डॉक्टर?" वेंडेलने डोंगराकडे बघत विचारलं.

"घड्याळ चालू आहे," डॉक्टर म्हणाले. "वाजव."

त्याने वाजवले. दोन्ही रिव्हॉल्व्हर, रायफल, दुनळी, सगळं वाजवलं. एकही पत्रा चुकला नाही, कारण आता त्याच्याकडे घालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग बंदुका रिकाम्या करायच्या टेबलापर्यंत वीस पावलं जायचं होतं. त्याने पहिलं पाऊल टाकलं तेवढ्यात दोन्ही बाजूंना काहीतरी सळसळलं. ओपल छत्री उघडून डावीकडे आली होती. तिच्यामागे लांब झग्यांतल्या आणखी चार बायका आल्या, उजवीकडे क्लाइड आणि इतर पुरुष हॅटा काढून कमरेच्या उंचीवर धरून चालू लागले. अशी ती मिरवणूक त्याच्या छोट्या छोट्या पावलांनी टेबलापर्यंत गेली. सगळे समोर बघत होते.

टेबलाशी कुणीतरी शंका काढली की चड्डी एकोणीसशे सालानंतरची आहे आणि ती दिसली आहे, तेव्हा दंड बसतो का. डॉक्टरांनी खरोखर नियमपुस्तक उघडलं, चष्मा लावला, तीन पानं वाचली. "चड्डी दिसेल असं नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं नाही," त्यांनी निकाल दिला. "दंड नाही."

मार्लीन काठी टेकत टेकत आली. तिने पायातली पँट उचलली, बटणाच्या जागी बोट फिरवलं आणि डोळे मिटले. "वेंडेल, दोरा कुठला घेतलास?"

"पांढरा. तुझ्या डब्यातला, निळ्या रिळावरचा."

"अरे, तो गोधडीला कच्चे टाके घालायचा दोरा आहे. पाणी लागलं की विरघळतो. त्यासाठीच असतो तो." आणि पोट धरून, टाके दुखतील म्हणून हळूहळू, ती हसायला लागली. मग तीस माणसांनी इतका वेळ कोंडून धरलेलं हसू एकदम सुटलं. वेंडेलही हसला. मार्लीन अशी हसेल की नाही, याची त्याने जानेवारीत नऊ तास काळजी केली होती.

क्लाइडने गाडीतून आपली जास्तीची पँट आणून दिली. झालं. आता आतल्या मिरच्या सोडल्या तर वेंडेलच्या अंगावर वेंडेलचं काहीच राहिलं नव्हतं. कार्ड भिजून त्याचा लगदा झाला होता.

शेवटच्या फेरीला तो पुढे जाऊन उभा राहिला. ओळ होती, "या गावात मला कुणी घाबरत नाही." मागे सगळे गप्प होते. नेमासाठी उभा राहिलेल्या माणसाला कुणी मध्येच तोडत नाही, तोच नियम होता. वेंडेलच्या लक्षात आलं की चार महिन्यांत पहिल्यांदाच या लोकांना त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं लागणार आहे.

"क्लाइड, तू मला एकूण तेवीस वेळा टुसॉनला नेलंस," तो डोंगराला म्हणाला. "ओपलबाई, तुमचं भांडं दारात दिसलं की मला वाटायचं आजचा दिवस निघाला. डॉक्टर, तुम्ही कॉफी प्यायला आला नव्हता, तिथलं यंत्र बंद होतं. तुम्ही सगळे नसता तर मी त्या खुर्चीत कोसळलो असतो. माझी बायको तिथे मांडवात बसली आहे आणि मी फार आभारी आहे. संपलं."

घड्याळ किंचाळलं नाही. शेवटी डॉक्टरांनी नाक शिंकरलं. "ही ओळ नव्हती," ते म्हणाले. "पाच सेकंद दंड." मग घड्याळ वाजलं. वेंडेलचे दहातले चार पत्रे लागले, पण त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्याच्यानंतर ओपलची पाळी होती. तिने झगा सावरला, रायफल टेबलावर नीट ठेवली आणि लिहिलेल्या ओळीकडे पाहिलंच नाही.

"अर्ल गेला तेव्हा विहीर त्याच्या नावावर होती," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "नाव बदलायला चाळीस मैलांवरच्या कचेरीत जायचं, आणि मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. चौथ्या दिवशी हा माणूस कागद घेऊन माझ्या दारात आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळा फॉर्म भरला, मी नुसती सही केली. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नऊ वर्षं झाली."

"पाच सेकंद," डॉक्टर पुटपुटले आणि घड्याळ वाजवलं. तिने दहाच्या दहा पत्रे वाजवले.

वेंडेलला त्या दिवशीची ओपल आठवली नाही. आठवली ती फाइल: विहीर क्रमांक चारशे बारा, हस्तांतर, कागद पूर्ण. सही मिळाल्याशिवाय प्रकरण बंद होत नव्हतं म्हणून तो गेला होता, एवढंच त्याच्या मनात होतं. हे कुणी नऊ वर्षं जपून ठेवलं असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बंदूक रिकामी करून ओपल त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. वेंडेलने तोंड उघडलं. ते तर माझं कामच होतं, असं म्हणायला त्याची जीभ वळलीच होती. पण मार्लीनने पाठीमागून त्याचा दंड धरला, आणि त्याने ते शब्द गिळले.

"ओपलबाई," तो म्हणाला, "ऐकून फार बरं वाटलं."

ओपल जराशी गोंधळली. असं उत्तर मेस्किट वेल्समध्ये कुणी कधी दिलं नव्हतं. तिने छत्री मिटली, पुन्हा उघडली, आणि म्हणाली, "तुझंही ऐकून बरं वाटलं, बाबा. चला आता जेवायला, घेवडा गार होतोय."